बोअरचं टोपण

उषाबाई : मोटर जळली ते कळलं, बद्रीनाथ. ह्या टोपणाचे बोल्ट कुणी ढिले केले, ते सांग.

बद्रीनाथ : काकू, मी पाना लावला तवाच ढिले व्हते. अंगण तुमचं, मला काय माहीत?

उषाबाई : अंगण माझ्या एकटीचं कुठंय? दोघा भावांचं हाय. घरं दोन, चुली दोन अन् बोअर तेवढं एक. मोटर बंद पडली तरी धाकट्या जावेनं अजून डोकावून बघितलं न्हाई. कुठंतरी पाणी मुरतंय.

बद्रीनाथ : ते मागून बघा. आता जल्दी कुणाला तरी दोर धरायला बोलवा. पाइप सगळे निघाले, खाली मोटरच राह्यली.

उषाबाई : दैवशाला! ये, दोर धर. तुझ्याबी घरात जातंय हे पाणी.

दैवशाला : आले अक्का. भाकरी करून राह्यले व्हते.

उषाबाई : करशील मंग. माझी शालू बाळंतपणाला आल्ती, तवा तू इथं बोअरपाशी पाना घेऊन बसल्ती म्हणं. समोरच्या रजनीनं बघितलं.

दैवशाला : रजनीबाईंना लांबचं दिसत न्हाई.

उषाबाई : आजवर तर तिला सगळं दिसत व्हतं. तवापासूनच पाणी कमी यायला लागलं. मी मनातल्या मनात ठेवलं व्हतं.

बद्रीनाथ : ओढा, ओढा… आली. आता हे काय? जाळीला फडकं गुंडाळलंय. बिलकुल ह्याच्यामुळंच काकू. जाळी गच्च झाली, पाणी आत जाईना, मोटर कोरडी फिरली अन् जळली.

उषाबाई : फडकं न्हाई ते, खण हाय. गाठ मारलेला. लिंबू हाय का आत?

बद्रीनाथ : लिंबू न्हाई. हळकुंड हाय, सुपारी हाय. तांदळाचा चिखल झालाय.

उषाबाई : हिरवा, लाल काठाचा. मी ओळखते हा खण. शालूच्या पोराच्या बारशाला मीच तुला दिल्ता, दैवशाला. माझाच खण माझ्याच बोअरात? घरात बाळंतीण असताना? कोण्या बाबानं सांगितलं तुला हे?

दैवशाला : बाबा-बिबा कुणी न्हाई.

उषाबाई : मंग? उगं न्हाई मी शालूला सांगितलं, लेकरू तिच्या मांडीवर देऊ नको म्हणून. पोरगी माझ्यावरच चिडली.

दैवशाला : माहीत हाय मला. मधात भिंत एकच हाय, अक्का. सगळं ऐकू येतं.

(बद्रीनाथ नवी मोटर आणायला रिक्षाकडं जातो.)

दैवशाला : लेकराचं रडणंबी ऐकू यायचं. शालूला दूध येईना, वरचं पचेना. तुमी फोनवर रडत व्हत्या, तेबी ऐकलं. अन् विहीर पुजायची तर तुमी नळाला कुंकू लावून मोकळ्या झाल्या.

उषाबाई : विहीर राह्यली कुठं? बुजवून घरं बांधली लोकांनी.

दैवशाला : आमच्या शहागडला बाळंतीण विहिरीची ओटी भरल्याबिगर घागर उचलत न्हाई. विहिरीला पाणी तसं तिला दूध, असं माझी माय म्हणायची. आपल्याला विहीर म्हणा का काही, बोअरच हाय. टोपण उघडलं, शालूच्या नावानं ओटी भरली. बोल्ट काही माझ्याच्यानं पुन्हा आवळले न्हाईत.

उषाबाई : तोच खण कशाला टाकायचा?

दैवशाला : घरात दुसरा कोरा नव्हता. अन् तो काही माझ्या ओटीतला नव्हता, अक्का. सगळ्या लेकुरवाळ्या बायांच्या तुमी ओट्या भरल्या. मला तेवढा खण हातात दिला. पदरात न्हाई घातला.

उषाबाई : मला इचारायचं तरी.

दैवशाला : भरू दिली असती? माझ्या हातानं?

बद्रीनाथ : हां काकू, आणली मोटर. सोडू का? का आधी धाकट्या काकूंकडचा पाइप तोडायचा? सकाळी तुमी तसं म्हणल्या व्हत्या.

दैवशाला : तोड म्हणल्या?

उषाबाई : थांब रे जरा. दैवशाला, कोणत्या दिवशी भरली ओटी?

दैवशाला : बाजाराच्या दिवशी. तुमी घरात नव्हत्या.

उषाबाई : त्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरू पोटभर पिऊन झोपलं. मी साऱ्या गल्लीला सांगत फिरले, माझ्या डिंकाच्या लाडवाचा गुण म्हणून.

दैवशाला : लाडवाचाच असंल, अक्का.

बद्रीनाथ : काकू, ऊन तापलं. पाइप तोडू का राहू देऊ?

उषाबाई : राहू दे. बोल्ट तेवढे बराबर आवळ. अन् दैवशाला, तू जाऊ नको. माझ्या पेटीत कोरा खण हाय, तांदूळ घेऊन आलेच.

बद्रीनाथ : काकू, हात जोडतो, बोअरात बिलकुल काही टाकू नका. मोटर नवी हाय.

उषाबाई : बोअरात न्हाई रे. दैवशाला, पदर पुढं कर.