दादाचा पाय आणि माझी धावपळ

...नाही, लिफ्ट बंद पडते हे मी समजू शकतो हो, पण हॉस्पिटलची रक्त तपासायची लॅब पलीकडच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर कुणी नेऊन ठेवली? तुम्हाला सांगतो, सकाळी दादा चहा पिता पिता म्हणाला, "पाय गार पडलाय रे." मी म्हटलं, मोजे घाल. मोजे! अहो, पायाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकली होती.

दुपारपर्यंत डॉक्टरांनी गाठ काढली. मला वाटलं, सुटलो. तर ते चष्मा कपाळावर सारून म्हणतात, "एवढ्यात नाही. पाय तगणार का, ते आता रक्त सांगेल. स्नायू मेले असतील तर रक्तात पोटॅशियम वाढतं, आणि मग जिवालाच धोका. दर दोन तासांनी तपासायचं." नमुना लॅबमध्ये नेणारा माणूस जागेवर नाही. नर्सबाईंनी रक्ताची नळी माझ्याच हातात दिली, "लवकर पोचवा हं." मी सुटलो ना... जिने, अंगण, पुन्हा जिने, मुठीत नळी, हात वरखाली... पाय दादाचा आणि पळतोय मी.

अर्ध्या तासानं डॉक्टर आले. "पोटॅशियम फार वाढलंय. पाय काढावा लागेल. इथे सही करा." पेन कागदाला टेकेना. या पायानं त्यानं मला सायकल शिकवली हो... म्हणजे मागून लाथ घातली होती, पण शिकलो ना. तेवढ्यात लॅबचा फोन. तिथल्या बाईंचा आवाज मला इथवर ऐकू येतोय, "नमुना आणलाय की घुसळलाय? रक्तपेशी फुटल्यात सगळ्या, मग पोटॅशियम वाढलेलंच दिसणार. दुसरा पाठवा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

दुसरी नळी. "सावकाश," डॉक्टर म्हणाले. काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तसा निघालो... एकेक पायरी, मागून लोक, "काका, जरा सरका की"... कसा सरकू? पाय दादाचा आणि जपून टाकतोय मी.

रिपोर्ट आला. पोटॅशियम ठीक. डॉक्टरांनी सहीचा कागद टराटरा फाडला आणि मी बाकावर बसून रडलो, सांगायला लाज कसली? आत गेलो तर दादा पायाची बोटं हलवतोय. म्हटलं, "दादा, बोल ना काहीतरी."

"एवढंसं अंतर," दादा म्हणाला, "आणि पाऊण तास? राहू दे तू. पुढची नळी मीच नेतो."

मी चपला घातल्या. सहाचं रक्त न्यायचं होतं.