ओढ्यापलीकडचं घुबड

ऐका. शेकोटीत काटक्या टाका अन् जवळ सरका.

आपल्या स्टँडवर निवृत्तीअण्णांचा फोटो स्टुडिओ होता. काय दिवस होते ते! रोलचा कॅमेरा. फोटो धुऊन येईस्तोवर माणसं वाट बघायची, अन् त्या वाट बघण्यातच मजा. तर अण्णांच्या बायकोनं, कौसल्याबाईनं, वादळात पडलेलं गव्हाणी घुबडाचं पिल्लू पाळलं. कुठं? फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत! पायाचं एक बोट तुटलेलं. बसलं की पिसांचा नुसता गोळा, अन् उभं राहिलं की हे लांब पाय, धोतर खोचलेल्या म्हाताऱ्यासारखे. बाई त्याच्याभोवती फिरायची, त्याची मान तिच्यामागं फिरायची.

"अहो, बघा ना! याचे डोळे खोबणीत हलतच नाहीत. बिचारं मानच वळवतं."

दोघं हसायची. पंख भरले तसं बाईनं ते ओढ्यापलीकडं उंबरावर सोडलं. पुढं बाईही देवाघरी गेली. अन् साऱ्या गावाचे फोटो काढणाऱ्या अण्णांकडं बाईचा अन् घुबडाचा एकही फोटो नव्हता! ते फार लागलं होतं त्यांना.

मग एका अवसेच्या रात्री अण्णा कॅमेरा अन् बॅटरी घेऊन निघाले. शेजारची चंद्राकाकू म्हणाली, "भावजी, त्या वाटेला चकवा आहे."

"घुबडाला भेटून येतो, वहिनी."

उंबरावर ते बसलेलंच! तुटलेलं बोटसुद्धा तेच. अण्णांना भरून आलं. कॅमेरा डोळ्याला लावला, तर उडालं. आवाज नाही. घुबडाच्या पंखांना नसतोच म्हणा. बाभळीवर बसलं. अण्णा मागं. पुन्हा उडालं. एक बांध ओलांडला, पुन्हा बांध. अरे, तोच बांध! पण अण्णांना कसलं भान?

अन् मग आवाज आला. "अहो, या ना पुढं."

कौसल्याबाईचा! हुबेहूब!

समोर खुंटावर घुबड. तोंड थाळीसारखं पांढरं. अण्णा कॅमेऱ्यातून बघत एका अंगाला सरकले. आता मान वळेल म्हणून थांबले. मान वळली नाही.

डोळे फिरले! खोबणीतल्या खोबणीत, गरकन!

घुबडाचे डोळे हलत नाहीत, बाईच म्हणाली होती! अण्णांचा उचललेला पाय तसाच राहिला. फ्लॅश दाबला. लख्ख! खुंटावर कुणी नाही. अन् पायापुढं पडकी विहीर, कठडा नसलेली!

अण्णा पळाले. मागून आवाज, अगदी लाडात, "अहो, माझा एक तरी फोटो काढा ना!"

सांगा, काय वाटलं असेल त्या माणसाला? रडत रडत पळाले, पण मागं वळले नाहीत.

रोल धुतला तर फोटोत नुसतं विहिरीचं काळं पाणी. तो फोटो अण्णांनी शेवटपर्यंत स्टुडिओत लावून ठेवला होता. कुणी विचारलं की म्हणायचे, "हा कौसल्येचा. हिनंच मला माघारी धाडलं."

म्हणून सांगतो, रात्री ओढ्यापलीकडं जाऊ नका. आपलं गेलेलं माणूस तिथून हाक मारत असलं, तर मुळीच जाऊ नका.