विउदिता वळून बघते

घोडा? नाही हो साहेब, घोडा कसला आलाय इथे — भाड्याच्या खोल्या आहेत या, खाली फरशी, वर काचेचं छप्पर, घोडा ठेवणार कुठे — आणि आवाज म्हणाल तर ते आमचं कपडे धुवायचं यंत्र, जुनं झालंय बिचारं, पिळायला लागलं की चालायलाच लागतं, एकदा तर अंगणातून थेट स्वयंपाकघरात आलं होतं — आणि वास? वास खताचा, गुलाबांना घातलंय. गुलाब कुठे आहेत? मेले. खत जास्त झालं. शेजारच्या निबियानं तक्रार केली ना? मला ठाऊकच होतं, तिला मेलीला माझ्याकडचा रेडिओसुद्धा खुपतो. बसा ना, उभे काय राहिलात, पालिकेची माणसं बसत नाहीत की काय? हा घ्या तुंबा, माते आहे, आपला पाल्याचा चहा, कडू आहे, नळी मात्र हलवू नका — हं. आणि ते तुमच्या पायाशी आहे ना, ते गवत नाही. म्हणजे गवतच आहे, पण गादीतलं. मी गाद्या भरते. हसताय काय? — बरं. बरं, ऐका मग. घोडा नाहीच, आईची शपथ घेऊन सांगते. घोडी आहे. तुम्ही विचारलंत घोडा आहे का, मी म्हटलं नाही. यात खोटं काय बोलले मी?

आणि ती माझी नाही हो, आमचे एक जुने भाडेकरू आहेत, सेन्योर बिदार्त, त्यांची आहे. फार सज्जन गृहस्थ. पोट रेसवर. तोंड वाकडं करू नका, जुगारी वेगळा आणि हे वेगळे — जुगारी रात्रभर पितो, बायकोच्या बांगड्या विकतो, हे तर कचेरीत गेल्यासारखे जायचे, रोज उजाडता थर्मास काखेत मारून रेसकोर्सच्या कुंपणाशी उभे, घोड्यांच्या सकाळच्या फेऱ्या बघायच्या, दुपारी झोप, रविवारी एखाददुसऱ्या रेसवर पैसे लावायचे नि सोमवारी माझ्या हातात भाडं — चाळीसेक वर्षं हो, एवढी नियमित मिळकत तुमच्या पालिकेत तरी आहे का कुणाची? एकच तपकिरी सूट. रेसच्या आदल्या दिवशी फक्त उकडलेला भात, आणि मोजे धुवायचे नाहीत, धुतले की नशीब जातं म्हणे. माणसांकडेसुद्धा तसंच बघायचे, घोड्यासारखं. माझा नवरा गेला तेव्हाची गोष्ट सांगते — देव त्याला शांती देवो — पेटी खांद्यावर घेतली लोकांनी, मी मागून रडत चाललेय, तर हे माझ्या कानाशी येऊन म्हणतात, ‘सेन्योरा, मागचा डावा वळणावर दम सोडणार.’ आणि सोडलाच हो! चर्चच्या वळणावर पेटी अशी कलली — मला हसू फुटलं, साहेब, नवऱ्याच्या प्रेतयात्रेत, निबिया अजून सगळीकडे सांगत फिरते. आणि खरी गंमत सांगू का? एवढा घोड्यांवर जगलेला माणूस, पण घोड्याला भ्यायचे. लहानपणी एक चावला होता, इथे, खांद्याला — वण आहे अजून — म्हणजे असेल, मी कशाला बघायला जातेय. कधी हात लावला नाही जनावराला. मध्ये कुंपण आणि डोळ्याला दुर्बीण, एवढंच यांचं प्रेम.

तर ही घोडी. विउदिता. — काय झालं, चटका बसला? पाणी जरा जास्तच तापलंय आज. नाव असं ठेवलंय, धाकटी विधवा, मालकाला काय सुचलं कोण जाणे. पण दिसायला, अहाहा! काळीभोर, मान अशी, चालायला लागली की बाकीच्या घोड्या मोलकरणी वाटायच्या. आणि सकाळच्या फेरीत दुसऱ्या घोड्याबरोबर अशी पळायची की बघणाऱ्याचं काळीज थांबावं. मग काय, रविवारी अख्खं मोंतेविदेओ तिच्यावर पैसे लावणार — न्हावी लावणार, डॉक्टर लावणार, आमचा पाद्री भाच्याच्या हातून लावणार — आणि ती हरणार. दर वेळी! शेवटच्या वळणावर एकदम सगळ्यांच्या पुढे, लोक टोप्या उडवतायत, बायका किंचाळतायत, आणि आली म्हणता म्हणता दुसरी, तिसरी, कधी चौथी. कुणी म्हणे जॉकी विकला गेला, कुणी म्हणे तिला दमा आहे. कारण एकट्या एव्हारिस्तोला कळलं. दुर्बिणीतून तो इतरांसारखे पाय बघत नव्हता, कान बघत होता. ती पुढे गेली की तिचा एक कान मागे वळायचा, मग मान वळायची, मग पाय जड व्हायचे. तिला पुढे गेल्यावर एकटं वाटायचं हो! अगं या ना, कुठे राहिलात सगळ्या — म्हणून थांबायची. जॉकीनं चाबूक मोडला तरी थांबायची. बस, एवढं कळलं आणि याचं बस्तान बसलं — सगळ्यांचे पैसे तिच्यावर, म्हणून दुसऱ्या चांगल्या घोड्याला भाव घसघशीत, हा गुपचूप त्याच्यावर लावून मोकळा. कुणाला बोलला नाही. मलासुद्धा नाही. ताप चढला होता एकदा, मी कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते, तेव्हा बरळला सगळं. एव्हारिस्तो म्हटलं का मी? सेन्योर बिदार्त. बिदार्त म्हणायचं होतं मला.

पण किती दिवस चालणार. लोकांनी तिच्यावर लावायचं सोडलं, मालक वैतागला, आणि एक दिवस रेसकोर्सवरून कळलं की तिला कत्तलखान्यात धाडतायत — आपल्याकडे कोणी खात नाही, पण बोटीत भरून बाहेर जातं ना मांस. त्या दुपारी मी मटण‑बटाट्याचा रस्सा केला होता. त्यानं ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, मीठ जास्त झालं का? म्हणाला, ‘झुल्मा, तिनं मला इतकी वर्षं जेवू घातलंय.’ मला झुल्मा म्हणाला, साहेब. तोवर सेन्योरा म्हणायचा. — आणि जेवू मीसुद्धा घालतेच आहे म्हणा, पण ते असो. उठला, दुर्बीण विकली, बापाचं घड्याळ विकलं, आणि स्वतःच्या थडग्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते तेही उचलले. मी म्हटलं, अहो, उद्या मेलात तर कुठे ठेवू तुम्हाला? म्हणाला, ‘ते तेव्हा बघू, तिचं आजच आहे.’

आणि आणली कशी माहितीय? चालत! दाव्याचं टोक दोन बोटांत, असा हात लांब करून, जसं काही पेटलेलं काहीतरी धरलंय. हा भ्यायलेला, म्हणून भराभर पुढे चालतोय. तिला सोबतीची सवय, म्हणून ती त्याला गाठायला पाय उचलतेय. तिनं पाय उचलला की हा पळायला लागतो. हा पळाला की ती पळते. बसवाले थांबून बघतायत, भाजीवाले टाळ्या पिटतायत, आणि अशी ही वरात या दारात आली, हा घामाघूम, पुढे, ती मागे — अख्ख्या जन्मात एव्हारिस्तो पहिल्यांदाच पहिला आला. दाराला पाठ लावून उभा राहिला आणि धापा टाकत म्हणतो, ‘झुल्मा, पाहुणी आणलीय.’ मी पाहुणीला पाणी विचारलं. तिनं बादली संपवली आणि माझ्या जिरेनियमच्या कुंड्याही संपवल्या.

इथून खरं दुखणं सुरू झालं. आधी तो जिन्यावरून तिला गवत फेकायचा, मग झाडूच्या टोकानं पुढे सरकवायचा, मग एक दिवस बघते तर तिच्या गुडघ्याला तेल चोळतोय आणि रडतोय. गुडघा सुजलेला होता तिचा, कोणाला ठाऊकच नाही इतकी वर्षं. त्या रविवारी रेसला गेला आणि पैसे न लावता परत आला. पुढच्या रविवारीही तेच. म्हटलं, काय झालं? म्हणाला, ‘दिसत नाही मला आता. पूर्वी पाच नंबर पळायचा, आठ नंबर पळायचा. आता एकाचं टाचेचं हाड दुखतंय, दुसऱ्याला तहान लागलीय, तिसरी घाबरलीय — एवढं सगळं दिसल्यावर पैसे कुणावर लावायचे?’ घोडं जवळून बघितलं आणि माणूस बिघडला, साहेब. चाळीस वर्षांचा धंदा गेला. भाडं थांबलं, भाडं गेलं खड्ड्यात, पण तो पलंगावर पडून छताकडे बघायला लागला हो, दाढी नाही, बोलणं नाही. मी डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, याला काही झालेलं नाही. मग खाली येऊन घोडी बघून म्हणाला, ‘हीच का ती?’ आणि फी न घेता, रागानं, निघून गेला.

तेव्हा मी ठरवलं. मी, हो. मोंतेविदेओच्या उत्तरेला ते फ्लोरिदा आहे ना, त्याच्या पुढे माझ्या चुलतभावाचं गाव आहे, तिथे सणाला दोनच घोड्यांची रेस लावतात, सरळ मातीच्या पट्टीवर, रेषेवर तीन पंच बसवून. कुणी या घोड्यावर लावतं, कुणी त्या. आणि दोघं बरोबरीत आले तर सगळ्यांचे पैसे परत — फक्त बरोबरीवर लावणारा असला तर तो जिंकतो, पण बरोबरीवर लावतं कोण? मी एव्हारिस्तोच्या पलंगाशी जाऊन म्हटलं, ऊठ. तिथे दोनच घोडे असतात. ही दुसऱ्याला सोडून पुढे जायची नाही आणि त्याला एकटं पुढे जाऊही द्यायची नाही. तो उठून बसला. माझ्याकडे असा बघत राहिला, असा, साहेब, जसा सकाळच्या फेऱ्या बघायचा. म्हणाला, ‘पण गुडघा?’ मी म्हटलं, गुडघा मी चोळते, तू दाढी कर.

पावाच्या ट्रकमधून नेली तिला. समोर तिथल्या खाटकाचा तांबडा घोडा, हा एवढा माजलेला. यानं जाऊन त्या खाटकाशीच बरोबरीवर लावले, तर गाव पोट धरून हसलं, खाटीक म्हणतो, ‘शहरातले म्हातारे इकडे मरायला येतात ते ऐकलं होतं, पैसे वाटायला येतात हे माहीत नव्हतं.’ सुटले. विउदिता झटक्यात पुढे — आणि वळला कान! वळली मान! थांबली बाई, तांबडा आला, आणि मग दोघं असे नाकाला नाक लावून रेषेवरून गेले की तिन्ही पंच एका आवाजात म्हणाले, बरोबरी! खाटीक उसळला, परत पळवा. परत पळवली. परत बरोबरी. गाव आता हसत नव्हतं. खाटीक म्हणाला, आणखी एकदा, आणि तिसऱ्या वेळी काय झालं — तांबडा तिच्याकडे बघायला लागला हो! पुढे जाईना. ती थांबली की तो थांबतो, तो थांबला की ती थांबते, दोन्ही जॉकी शिव्या घालतायत, आणि दोघं रेषेच्या अलीकडे शांतपणे गवत खायला लागली. पंच उठून जेवायला गेले. खाटकाजवळ रोख कमी पडलं, उरलेल्या बदल्यात एक मेंढी आणि अर्धी बैठक दिली, म्हणजे सोफा होता हो, दोन तुकड्यांचा, त्यातला एक तुकडा — ज्यावर तुम्ही बसलायत.

येताना ट्रकमध्ये मागे बसलो होतो, घोडी, मेंढी, सोफा आणि आम्ही. तो म्हणाला, ‘झुल्मा, शेवटच्या दोनशे मीटरला तुझ्यात दम आहे.’ नवऱ्यानं मला आयुष्यभरात असं काही म्हटलं नव्हतं, साहेब. मी मेंढीकडे बघत बसले. — नाही, आता पैसे लावत नाही तो. आठवड्याला घोड्यांचे गुडघे चोळायला तबेल्यात बोलावतात, थोडं तिकडून मिळतं, थोडं माझ्या खोल्यांचं. जुलैत, ऐन हिवाळ्यात, अंगणात फार गारठतं म्हणून त्याची खोली घोडीला दिली. — मग तो कुठे झोपतो? ते कशाला हवंय पालिकेला? त्याच्यावर कर लागतो का?

तुमचा चेहरा असा का झालाय मघापासून? नाव काढलं तेव्हाही दचकला होतात — अरे देवा. तुम्हीपण? तुम्हीपण लावले होते तिच्यावर? किती — नको, आकडा नका सांगू. कशाचे होते? ... मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचे. अरेरे, लग्नासारखा थाट असतो तो. मग काय केलंत? नाच झाला का? ... घरीच, केक आणि रेडिओ. पण झाला ना, मुलगी नाचली ना? मग. — बघायचीय का तिला? चला, दार लोटलेलंच आहे, मागून जाऊ नका, समोरून जा. ही बघा. बोला तिच्याशी, शिव्या द्यायच्या असतील तर द्या, डॉक्टरनंही दिल्या. ... हात नाकावर ठेवला की शिव्या विसरतातच सगळे. साहेब, एकच सांगते, दारात आला होतात तेव्हा नसतं सांगितलं: तिला न्याल तर एकटीला नाही नेणार तुम्ही. तो दुसऱ्यांदा पलंगावर पडला तर मी उठवू शकेन असं मला नाही वाटत. आता जे काय सांगायचं ते कचेरीत सांगा, मी तुमच्या पाया —

श्श. फाटक वाजलं. तो आला. पालिकेचं काही बोलायचं नाही, डोळे पुसा आधी. — एव्हारिस्तो! लवकर आलास रे? हे ना, हे खोली बघायला आले होते. ... नाही, नाही घेत. यांना लहान वाटली. ... घोडीचं? घोडीचं काही नाही म्हणाले. निघालेतच ते. — या हं साहेब. दार ओढून घ्या जाताना, जोरात ओढा, नाहीतर लागत नाही.