वर्दी आलीच नाही

(रुग्णालयाची प्रयोगशाळा. दुपार. प्रमुख डॉक्टरबाई, प्रोग्रामर आणि जुन्या तंत्रज्ञ मावशी.)

डॉक्टरबाई : पेशंटचा रिपोर्ट सकाळी नऊ दहाला फोल्डरमध्ये आला. पोटॅशियम सात, म्हणजे हृदय कधीही थांबेल. वॉर्डात पोचला पावणेबाराला. रिपोर्ट वॉर्डात धाडणारा तुमचा प्रोग्राम मधे काय झोपा काढत होता?

प्रोग्रामर : मॅडम, प्रोग्राम चालूच होता. सिस्टिमनंच कळवलं नाही.

डॉक्टरबाई : वा! आता सिस्टिमवर ढकला.

प्रोग्रामर : ढकलत नाही. नवी फाइल आली की सिस्टिम प्रोग्रामला वर्दी देते. त्या वर्द्यांची रांग असते, पण तिला मर्यादा असते. सकाळी तपासणीचं यंत्र अडकून परत सुरू झालं आणि त्यानं तुंबलेले तीन हजार रिपोर्ट एकदम ओतले. रांग भरली. पुढच्या वर्द्या गळाल्या.

डॉक्टरबाई : गुपचूप?

प्रोग्रामर : नाही... रांग भरल्याचा एक इशारा येतो.

डॉक्टरबाई : मग? आला तो?

प्रोग्रामर : आला. लॉगमध्ये नोंद आहे.

डॉक्टरबाई : लॉग कोण वाचतं?

प्रोग्रामर : तसं... कुणीच नाही.

डॉक्टरबाई : म्हणजे आग लागल्याची बोंब ऐकलीत आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलीत. हुशार आहात!

मावशी : मी मागच्या महिन्यात विचारलं होतं यांना. एखादी वर्दी चुकली तर अख्खा फोल्डर परत चाळायला नको का, म्हटलं.

डॉक्टरबाई : काय म्हणाले?

मावशी : जाऊ दे ना, बाई.

डॉक्टरबाई : नाही, ऐकू द्या.

मावशी : म्हणाले, मावशी, तुम्ही नळ्यांना लेबलं चिकटवा.

डॉक्टरबाई : छान! सव्वीस वर्षं मावशी हातानं यादी ताडून बघत होत्या. एक रिपोर्ट चुकला नाही. ती पद्धत तुम्हाला आदिमानवाची वाटली.

प्रोग्रामर : चुकलं माझं. आजच बदलतो. इशारा आला की सगळा फोल्डर परत वाचायचा. आणि तसाही दर पाच मिनिटांनी.

डॉक्टरबाई : म्हणजे आदिमानवच की.

प्रोग्रामर : पेशंट... कसे आहेत?

डॉक्टरबाई : साडेअकराला हृदय थांबलं. चालू केलंय परत. शुद्ध नाही. मुलगी बाहेर बसलीय, विचारतेय उशीर का झाला. जा, सांगा तिला. आणि तिथं सिस्टिम, रांग, मर्यादा, यातला एक शब्द काढलात तर याद राखा.

प्रोग्रामर : मग... काय सांगू मी?

मावशी : आधी तिच्या शेजारी बसा. उभ्यानं सांगू नका.