गळती एक, दावे दोन

मंडळी, एक विचारतो, उत्तराची घाई करू नका. तिसऱ्यानं दोघांचं नुकसान केलं, तर माणूस भांडतो कोणाशी? त्या तिसऱ्याशी? छे हो! जो हाताशी सापडतो त्याच्याशी!

ऐका तर. नाशिकात एक नवीकोरी इमारत. दुसऱ्या मजल्यावर यशवंतराव निकम, एसटीतून निवृत्त झालेले. त्यांच्या बरोबर वर खैरनार गुरुजी. जुने दोस्त! म्हातारपणी बुद्धिबळाला जोडीदार हवा, म्हणून ठरवून वरखाली फ्लॅट घेतलेले.

वर्षभरात यशवंतरावांच्या छताला ओल आली. मग थेंब. मग पोपडे — थेट आमटीच्या पातेल्यात!

यशवंतराव बिल्डरकडे गेले. तो गोड हसला. "काका, काम पक्कं आहे. वरचे पाणी फार सांडतात हो!"

गुरुजीही गेले. त्यांना म्हणाला, "गुरुजी, खालच्यांनी पंख्यासाठी छत ठोकलंय. तडा जाणारच!"

आणि दोघांनाही पटलं! मंडळी, चाळीस वर्षांचा मित्र खोटा, आणि काल भेटलेला बिल्डर खरा!

यशवंतरावांनी दावा लावला. गुरुजींनी उलट दावा ठोकला. वकील दोन, दावे दोन — गळती एकच! पट मिटला. जिन्यात समोरासमोर आले, तर एक जण भिंतीकडे बघणार, दुसरा चपलेकडे. तारखांवर तारखा पडत गेल्या. आणि एके सकाळी गुरुजी गेले. तिरडी यशवंतरावांच्या दारावरून खाली उतरली... दार बंदच राहिलं.

पुढे कोर्टानं इंजिनिअर पाठवला. त्यानं गुरुजींच्या न्हाणीघराची भिंत फोडली. आत काय? नळाच्या पाइपाचा सांधा धड जोडलेलाच नाही! तसाच ठेवून वरून फरशी चिकटवलेली!

यशवंतराव वकिलाकडे धावले. "आता बिल्डरला धरा!"

वकील म्हणाला, "काका, त्याला धरायची मुदत होती. ती तुम्ही दोघांनी एकमेकांवर घालवलीत."

यशवंतराव जिना चढले. इतक्या वर्षांनी. दार गुरुजींच्या पत्नीनं उघडलं. "वहिनी, चूक त्यांची नव्हती," एवढंच कसंबसं बोलले.

वहिनी म्हणाल्या, "ठाऊक आहे, भाऊजी. तुमच्या घरात पाणी जाऊ नये म्हणून ते शेवटपर्यंत टबात बसून अंघोळ करायचे. मग टबातलं पाणी बादलीनं नेऊन गॅलरीच्या मोरीत ओतायचे. जमिनीवर थेंब पडू देत नव्हते."

"अहो, पण तरी खाली गळत होतं!"

"ते आम्हाला कुठं ठाऊक? आम्हाला वाटलं, गळणं थांबलं असेल, दावा जुन्याच नुकसानीचा चाललाय."

मंडळी... समजलं का? वर पाणी सांडत नाही, तरी खाली गळतंय! ही दोन वाक्यं एका खोलीत आली असती, तर बिल्डर तेव्हाच सापडला असता. पण एक वाक्य दुसऱ्या मजल्यावर राहिलं, एक तिसऱ्या! यशवंतराव उंबऱ्यातच बसले. हात जोडायचे, तर समोर फोटो!

हसू नका, बुवा दुसऱ्याचं सांगतोय म्हणून. तुमच्या जिन्यातही एक दार असेल, ज्याच्यासमोरून तुम्ही मान वळवून जाता. देवाचं नाव इथं माझ्याबरोबर घेतलंत, ते त्याला पोचलं. आता त्या दाराची बेल वाजवा — आत माणूस आहे तोवर.

विठ्ठल... विठ्ठल!