पर्जन्यमापकातल्या पाण्याबाबत

दिनांक २९ जुलै १९८७, बुधवार. आकाश निरभ्र. सकाळच्या बसने सौसरला आले.

नाव प्रेमलता कवडू घोरमाडे, वय ३४, शिक्षण मॅट्रिक, धंदा शेती, राहणार रामाकोन्याजवळची वाडी, तहसील सौसर. ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

आमच्या संत्र्याच्या बागेत पाऊस मोजायचे यंत्र आहे. परदेशी मदतीच्या योजनेने ते बसवले. जिथे पाऊस कमी भरेल, त्या गावच्या नाल्यावर त्या पैशातून बांध होणार होता. इतक्या दूरच्या लोकांना आमच्या पावसाचे काय, असे मी योजनेच्या इंजिनियरसाहेबांना विचारले होते. ते म्हणाले, पुढे पाऊस आणखी लहरी होईल असे तिकडच्या जाणत्यांना वाटते, म्हणून आधीच तजवीज. माझे यजमान म्हणाले, "आपल्या नाल्याले फॉरेनचं स्थळ आलं वं!"

रोज सकाळी मोजायचे काम यजमानांकडे होते. जूनमध्ये ऊन लागून ते वारले. तेव्हापासून मी मोजते. दिसेल तेवढेच लिहायचे, आपल्या मनचे नाही, असे त्यांनी शिकवले होते. अंगण कोरडे असूनही यंत्रात पाणी असायचे. मी ते तेवढे लिहिले. त्यामुळे पाऊस जास्त दिसून आमचे गाव बांधाच्या यादीतून वगळले गेले. कोणीतरी खोडसाळपणा केला, अशी तक्रार सरपंच रघुनाथराव यांनी दिली आहे.

पाणी येते कुठून, हे मलाही पाहायचे होते. सोमवारी उजाडताना मी झाडाआड उभी राहिले. सासूबाई देवकाबाई गडवा घेऊन आल्या. त्यांनी यंत्रात पाणी ओतले आणि हात जोडले.

मी विचारले, "आत्याबाई, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"माहा लेक उन्हानं गेला. रोज सकाळी इथंच उभा राहे. त्याले पानी नोको देऊ?"

"घरी द्या न."

"घरी तो कधी थांबला वं?"



कोणीही खोडसाळपणा केलेला नाही. ते पाणी पावसाचे नव्हते असा जबाब झाला, तर गावाचे नाव पुन्हा घेता येईल, असे इंजिनियरसाहेब म्हणतात. म्हणून आले. सासूबाईंना ठाण्यात बोलावू नये, ही विनंती. बांधाचे त्यांना सांगितलेले नाही.

यापुढे काय करणार, असे हवालदार नत्थूजी यांनी विचारले. आता मी सासूबाईंच्या आधी जाऊन मोजते. आज शून्य होते. मग त्या पाणी घालून गेल्या. त्या घरात गेल्यावर मी यंत्रातला डबा काढला, पाणी संत्र्याच्या आळ्यात ओतले आणि डबा पदराने पुसून परत बसवला.

लिहिलेले नत्थूजींनी मोठ्याने वाचले. मी बोलले तसेच उतरले आहे.

सही
प्रेमलता घोरमाडे