बायबलातलं फाटलेलं पान

वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तरखान्यात मिसेस हॅडली झेरॉक्सच्या रांगेत उभ्या होत्या. पुढे म्हातारे बहीण-भाऊ कुजबुजत होते आणि मिसेस हॅडलींचे कान तिकडेच लागले.

"वेंडेल, आपले एझ्रा पणजोबा यादवी युद्धातून पळालेच होते ना रे?"

"छे गं! पलटणीतच तापानं गेले. फाइलीत लिहिलंय."

"मग पणजीनं घरच्या बायबलातलं, लग्नाची नोंद केलेलं पान रागानं का फाडलं?"

"रागानं कसलं! विधवेच्या पेन्शनला लग्नाचा पुरावा हवा होता. तिनं पानच फाडून सरकारला पाठवलं. हे बघ, अजून टाचलेलं आहे."

"अगं बाई! आणि पुढच्याच वर्षी ती वारली. सांगायला कुणी उरलंच नाही."

"आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या पळपुटा म्हणत बसलो. घरातल्या एकाही बाळाला त्यांचं नाव ठेवू दिलं नाही."

"तुझ्या नातवाचा बाप्तिस्मा रविवारीच ना?"

"हो. का गं?"

"झेरॉक्स राहू दे. आधी सुनेला फोन लाव. म्हणावं, एझ्रा नाव मोकळं झालं."